स्पॅनिशमधले खेळाचे शब्द: यादी पाठ आहे, सामना मात्र कळत नाही

पेठकर_७

स्पॅनिशची ए२ पातळी (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली दुसरी) झाली आहे. पुस्तकातल्या खेळांच्या धड्यातले शब्द पाठ आहेत: चेंडू, मैदान, संघ, गोलरक्षक, पंच, वगैरे. तरी स्पॅनिश समालोचन लावलं की अधूनमधून एखादा शब्द ओळखीचा वाटतो, बाकीचं सगळं निसटतं. अर्जेंटिनातलं समालोचन लावलं तर पाठ केलेले शब्दही कानावर येत नाहीत.

दुसरी गरज बोलण्याची आहे. कामाच्या निमित्ताने माद्रिद आणि मेक्सिको सिटी अशा दोन्हीकडच्या मंडळींशी बोलणं होतं आणि सोमवारची सुरुवात हमखास फुटबॉलने होते. 'कोण जिंकलं' याच्या पुढे माझी मजल जात नाही. तेही विचारतात, क्रिकेट कसं खेळतात, कबड्डी म्हणजे काय. ते सांगायला शब्द नाहीत.

नेमकं विचारायचं ते असं: शब्द कोणत्या क्रमाने शिकावेत, स्पेनचे शिकावेत की मेक्सिकोचे, आणि ऐकण्याचा सराव कशावर करावा? उत्तरांत उच्चार देवनागरीत दिलेत तर बरं होईल.

रेवती_ग

तुमच्या यादीत सगळी नामं आहेत, अडतंय ते तिथेच. समालोचक 'चेंडू' हा शब्द फार कमी वेळा उच्चारतो. पेलोता (चेंडू) स्त्रीलिंगी असल्यामुळे तिच्या जागी तो नुसतं 'ला' म्हणतो आणि पुढे क्रियापद ठेवतो: ला तोका (तिला स्पर्श केला), ला पासा (पास दिला), ला पिएर्दे (गमावली), ला पारा (अडवली). स्पेनमध्ये बालोन हा पुल्लिंगी शब्द जास्त चालतो, पण समालोचनात तिथेही 'ला' सारखं ऐकू येतं. म्हणून आधी क्रियापदं घ्या, नामं त्यांच्यामागून आपोआप येतात.

आधी उच्चाराचं, म्हणजे खालची सगळी उत्तरं वाचता येतील. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. पार्तीदो (सामना) म्हणायचं, 'पार्टिडो' नाही. प, त, क यांत हवेचा झोत नसतो, तोही आपल्याला फुकट मिळालेला आहे. इंग्रजी उच्चाराची सवय बाजूला ठेवली की मराठी माणसाचं निम्मं काम झालेलं असतं. 'ख' मी लिहिते तो घशातून घासून काढायचा. खुगार (खेळणे) लिहिताना पहिलं अक्षर 'जे' असतं. 'एच' लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून इन्चा (चाहता) शब्दकोशात 'एच'मध्ये सापडतो. 'बी' आणि 'व्ही' दोन्हींचा उच्चार ब.

आता क्रियापदांचे तीन साचे.

खुगार फक्त चेंडूच्या खेळांना आणि डाव मांडून खेळायच्या खेळांना लागतं. स्पेनमध्ये त्यानंतर 'आ' आणि उपपद येतं: खुएगो आल फूत्बोल, खुएगो आल तेनिस, खुएगो आल आखेद्रेस (बुद्धिबळ). मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'आल' गाळतात: खुएगो फूत्बोल. रूप बदलतं तेही पक्कं करा: मी खुएगो, तू खुएगास, तो खुएगा, पण आम्ही खुगामोस. 'आम्ही'च्या रूपात 'उ'चा 'उए' होत नाही. भूतकाळात मी खुगे, तो खुगो.

आसेर (करणे) पोहणं, अ‍ॅथलेटिक्स, योगासनं, ज्यूदो, जिम्नॅस्टिक्स अशांना: आगो नातासिओन, आगो यूदो (इथे 'जे' असूनही उच्चार य). प्राक्तिकार हे जरा औपचारिक, पण कोणत्याही खेळाला चालतं. शंका असेल तिथे तेच वापरा.

चूक कुठे होते ते सांगते. मराठीत आपण कुस्ती खेळतो, कराटे खेळतो. त्यामुळे 'खुएगो लूचा' असं तोंडून निघतं. ते चुकीचं आहे. प्राक्तिको लूचा, आगो काराते असं म्हणायचं.

आवडीनिवडी सांगायला मात्र मराठीच मदत करते. मला फुटबॉल आवडतो: मे गूस्ता एल फूत्बोल. मला खेळ आवडतात: मे गूस्तान लोस देपोर्तेस. आवडणारी गोष्ट अनेकवचनी झाली की क्रियापदही अनेकवचनी होतं, अगदी आपल्या 'आवडतात'प्रमाणे. इंग्रजीतून शिकणारे इथे महिनोन् महिने अडखळतात. तुम्ही मधे इंग्रजी आणू नका.

डावखुरा

रेवतीताईंशी सहमत. देशांचा प्रश्न मी घेतो.

बोलण्यासाठी एकच देश निवडा, ऐकण्यासाठी दोन-तीन. पोर्तेरो, आर्केरो, गोलेरो हे तिन्ही 'गोलरक्षक' एकाच दिवशी, एकाच कार्डावर पाठ केले तर बोलायच्या वेळी एकही वेळेवर येत नाही, कारण एकाच अर्थाचे नवे शब्द एकमेकांना ढकलत राहतात. आधी एक पक्का होऊ द्या, दुसरा नंतर फक्त ओळखता आला तरी पुरे. तुमचं मेक्सिकोशी बोलणं होतं, आणि तिथले बरेच शब्द स्पेनशी जुळतात. म्हणून बोलायला मेक्सिको किंवा स्पेन, आणि अर्जेंटिना कानांपुरता ठेवा.

जिथे फरक पडतो ते शब्द:

गोलरक्षक: स्पेन आणि मेक्सिकोत पोर्तेरो, अर्जेंटिनात आर्केरो, उरुग्वेत गोलेरोही. मेक्सिकोत आर्केरो ऐकू आलं तरी दचकू नका.

पेनल्टी: स्पेनमध्ये पेनाल्ती, मेक्सिकोपासून खाली सगळीकडे पेनाल. आणि पेनल्टी 'देणे' हे क्रियापद तर देशागणिक बदलतं. स्पेनमध्ये पंच ती 'शिट्टीने' देतो: पितो पेनाल्ती. मेक्सिकोत मार्को पेनाल. अर्जेंटिनात कोब्रो पेनाल. कोब्रार म्हणजे एरवी पैसे वसूल करणं, त्यामुळे वाक्य पहिल्यांदा ऐकताना सगळेच गोंधळतात.

ऑफसाइड: स्पेनमध्ये फुएरा दे खुएगो, मेक्सिकोत फुएरा दे लुगार, अर्जेंटिनात ओर्साई.

कॉर्नर: स्पेनमध्ये साके दे एस्कीना किंवा कोर्नेर, मेक्सिकोत तीरो दे एस्कीना.

जादा वेळ: स्पेनमध्ये प्रोर्रोगा, मेक्सिकोत तिएम्पो एक्स्त्रा, अर्जेंटिनात आलार्गे.

स्वयंगोल: स्पेनमध्ये गोल एन प्रोपिआ पुएर्ता, मेक्सिकोत आउतोगोल, अर्जेंटिनात गोल एन कोन्त्रा.

राखीव खेळाडूंचा बाक: बान्कीयो, बान्का, बान्को, त्याच क्रमाने. जर्सी: कामिसेता सगळ्यांना कळतं, मेक्सिकोत रोजचा शब्द प्लायेरा. फुटबॉलच्या बुटांना तर प्रत्येकाचं वेगळं नाव आहे: स्पेन बोतास, मेक्सिको ताकोस, अर्जेंटिना बोतीनेस, कोलंबिया ग्वायोस, पेरू चिम्पूनेस. हे पाठ करू नका, गरज पडेल तेव्हा बघा.

मार्कार या क्रियापदाकडे वेगळं लक्ष द्या. गोल करणं, प्रतिस्पर्ध्याला चिकटून रोखणं आणि मेक्सिकोत पंचाने निर्णय देणं, हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. पुढे 'गोल' असेल तर पहिला अर्थ, माणूस असेल तर दुसरा, फाउल किंवा पेनल्टी असेल तर तिसरा. गोल करणं यासाठी लॅटिन अमेरिकेत आनोतारही चालतं, आणि बोलताना सगळीकडे मेतेर उन गोल.

आवाजाचाही एक फरक लक्षात ठेवा. स्पेनच्या मोठ्या भागात 'झेड' आणि 'सीई-सीआय' यांचा उच्चार जीभ दातांत धरून होतो, लॅटिन अमेरिकेत साधा स. सुर्दा (डावा पाय) माद्रिदमध्ये थुर्दासारखा ऐकू येईल. ब्यूनोस आयर्सला दुहेरी 'एल'चा श होतो: पिवळं कार्ड मेक्सिकोत तार्खेता आमारीया, तिथे तार्खेता आमारीशा. पाठ केलेले शब्द अर्जेंटिनात कानावर येत नाहीत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. शब्द तोच असतो, कानाला तो ओळखू येत नाही.

मुक्ता_कुलकर्णी_

डावखुरा यांच्या यादीला एक पुरवणी, आणि ही विसरून चालणार नाही. स्पेनमध्ये 'चेंडू पकडणे' याला कोखेर ला पेलोता म्हणतात, पुस्तकातही तेच असतं. मेक्सिको आणि अर्जेंटिनात कोखेर हा शब्द संभोगासाठीचा शिवराळ शब्द आहे. ऑफिसच्या बोलण्यात तो तोंडून जाऊ देऊ नका. आगार्रार किंवा तोमार सगळीकडे सुरक्षित आहे, गोलरक्षकाने अडवलं तर स्पेनमध्ये पारार, दक्षिण अमेरिकेत आताखार.

आणि एक: पार्तीदो आणि पार्तीदा यांची गल्लत करू नका. मैदानावरचा सामना पार्तीदो. बुद्धिबळाचा किंवा पत्त्यांचा डाव पार्तीदा. खुएगो हे नाम टेनिसमध्ये सेटच्या आतल्या गेमसाठी वापरतात, फुटबॉलच्या सामन्याला स्पेनमध्ये सहसा नाही.

पेठकर_७

कोखेरबद्दल सांगितलंत ते फार बरं झालं, वर्गात हे कोणी सांगितलं नव्हतं. सोमवारच्या गप्पांसाठी तयार वाक्यं कोणी देईल का? विशेषतः स्कोअर कसा सांगायचा आणि 'मी अमुक संघाचा' हे कसं म्हणायचं.

गोमंतक_गोल

विचारायची वाक्यं आधी.

सामना चालू असेल तर: कोमो बान? (काय स्कोअर चाललाय?) संपला असेल तर: कोमो केदारोन? (काय झालं शेवटी?) उत्तर: केदारोन दोस आ ऊनो. दोन्ही आकड्यांमध्ये 'आ'. बरोबरीला एम्पातारोन ऊनो आ ऊनो, स्पेनमध्ये नाम वापरून एम्पाते आ ऊनो. काल सामना पाहिलास का: बीस्ते एल पार्तीदो आयेर?

'जिंकणे'ची रचना नीट शिका. गानार एल पार्तीदो (सामना जिंकणे) यात 'आ' नाही. प्रतिस्पर्धी आला की 'आ' हवाच, जसं मराठीत 'फ्रान्सला हरवलं'. रोजच्या बोलण्यात, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, 'ले'ही जोडतात: एल आमेरिका ले गानो आ लास चीबास (आमेरिकाने चीबासला हरवलं; दोन्ही मेक्सिकोतले क्लब). हरणं: पेर्देर कोन्त्रा किंवा पेर्देर कोन. 'आ' विसरलात तर 'आमेरिकाने चीबास बक्षीस म्हणून जिंकला' असा काहीसा अर्थ होतो.

सरावाला खऱ्या सामन्यांची वाक्यं घ्या, निकाल आधीच माहीत असल्यामुळे सगळं लक्ष रचनेवर राहतं. २०२२चा अंतिम सामना: आर्खेन्तीना इ फ्रान्सिआ एम्पातारोन त्रेस आ त्रेस, इ आर्खेन्तीना गानो कुआत्रो आ दोस पोर पेनालेस. २०१०चा: एस्पान्या गानो ऊनो आ सेरो एन ला प्रोर्रोगा, मार्को इनिएस्ता एन एल मिनूतो सिएन्तो दिएसिसेइस. या दोन वाक्यांत बरोबरी, जादा वेळ, पेनल्टी शूटआउट आणि गोल करणं हे सगळं येऊन गेलं.

कोणत्या संघाचे? स्पेनमध्ये 'असणे' क्रियापद आणि 'दे': दे के एकीपो एरेस? उत्तर सोय देल बेतिस, सोय देल आतलेतिको. मेक्सिकोत हे असं विचारत नाहीत, तिथे 'जाणे' हे क्रियापद येतं: आ किएन ले बास? उत्तर ले बोय आल आमेरिका, ले बोय आ लोस पूमास. मेक्सिकोच्या माणसाला हे त्याच्या पद्धतीने विचारलंत तर गप्पा लगेच रंगतात. अर्जेंटिनात सोय इन्चा दे बोका.

संघांच्या नावाआधी उपपद लागतं आणि ते बहुतेक पुल्लिंगी असतं, कारण 'क्लब' हा शब्द मनात धरलेला असतो: एल माद्रिद, एल बार्सा, एल सेबीया. रेआल सोसिएदाद मात्र ला, कारण सोसिएदाद स्त्रीलिंगी. राष्ट्रीय संघ म्हणजे ला सेलेक्सिओन. टोपणनावं ठाऊक हवीत: मेक्सिको एल त्री, अर्जेंटिना ला आल्बिसेलेस्ते, उरुग्वे ला सेलेस्ते. ला रोखा म्हटलं की स्पेनही असू शकतो आणि चिलीही.

स्पर्धेची रचना माहीत नसेल तर शब्द कळूनही बोलणं कळत नाही. स्पेनच्या लीगमध्ये २० संघ आणि ३८ खोर्नादा (फेऱ्या), सगळ्यात जास्त गुण त्याचं विजेतेपद. मेक्सिकोत वर्षात दोन स्पर्धा होतात, आपेर्तूरा आणि क्लाउसूरा, आणि साखळीनंतर लिगीया नावाची बाद फेरी. म्हणून मेक्सिकोचा सहकारी 'पहिल्या क्रमांकावर आहोत' म्हणाला तर अजून काहीच जिंकलेलं नसतं. बाद फेरीत दोन सामने असतात, ईदा (पहिला) आणि बुएल्ता (परतीचा), आणि दोन्ही मिळून होणारी बेरीज म्हणजे ग्लोबाल.

गोवेकरांना हे शब्द जवळचे वाटतील, कारण एफसी गोवाच्या बाकावर सर्जिओ लोबेरा, हुआन फेरांदो, मनोलो मार्केस असे स्पॅनिश प्रशिक्षक बसले आहेत, आणि लोबेरा पुढे मुंबई सिटीला २०२०-२१च्या मोसमात विजेतेपदापर्यंत घेऊन गेले. स्पॅनिश पत्रकार या प्रशिक्षकांच्या मुलाखती घेतात त्या शोधून ऐका. भारतीय मैदानं, हवामान, खेळाडू असे विषय ओळखीचे असल्यामुळे अंदाज बांधायला सोपं जातं. प्रशिक्षकाला छापील शब्द एन्त्रेनादोर, स्पेनमध्ये खेळाडू त्याला मीस्तेर म्हणतात, दक्षिण अमेरिकेत तेक्निको किंवा दे-ते.

शब्दवेल्हाळ

ऐकण्याच्या सरावाबद्दल. बहुतेक जण थेट नव्वद मिनिटांचा सामना लावतात आणि आठवड्याभरात सोडून देतात. ए२ पातळीला त्यात फक्त गोंगाट ऐकू येतो. क्रम असा ठेवा:

१. आधी वाचा. मार्का आणि आस ही माद्रिदची क्रीडा दैनिकं, मुन्दो देपोर्तीबो बार्सिलोनाचं, ओले ब्यूनोस आयर्सचं. यांच्या संकेतस्थळांवर सामन्याचं मिनिटागणिक लेखी वर्णन असतं, त्याला मिनूतो आ मिनूतो किंवा दिरेक्तो म्हणतात. वाक्यं छोटी, वर्तमानकाळातली, आणि तेच तेच साचे पुन्हा पुन्हा येतात. एका सामन्याच्या तीस-चाळीस नोंदी वाचल्या की साके (चेंडू पुन्हा खेळात आणणं), फाल्ता (फाउल), काम्बिओ (बदली), तार्खेता, रेमाते (गोलकडे मारलेला फटका) हे वेगळे पाठ करावे लागत नाहीत. निकाल माहीत असलेलाच सामना निवडा. क्रोनिका म्हणजे सामन्यानंतरचा वृत्तांत, तो मात्र आत्ता वाचू नका. त्यात अलंकारिक भाषा फार असते, ती बी२ला वाचावी.

२. त्याच सामन्याचा रेसूमेन (ठळक क्षणांचा सारांश) पाहा, तीन ते पाच मिनिटांचा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून जे दिसतं ते स्वतः स्पॅनिशमध्ये बोला, तुटकं चालेल. मग आवाज लावून पाऊणपट गतीने ऐका, मग पूर्ण गतीने. आपल्याला जिथे शब्द सुचला नव्हता तिथे समालोचक काय म्हणतो हे कान आपोआप टिपतात.

३. त्यातली आठ-दहा वाक्यं उतरवून घ्या. कार्डावर सुटा शब्द लिहू नका, वाक्य लिहा आणि क्रियापद गाळा. वर देशाचं नाव लिहा. बरोबरीने आवाजाचा तुकडा जोडता आला तर उत्तम.

४. रेडिओ सगळ्यात शेवटी. टीव्हीवरचा समालोचक पडद्यावर दिसणारं सांगत नाही, रेडिओवाल्याला सगळं सांगावं लागतं. म्हणून शब्द रेडिओवर जास्त मिळतात, पण वेग पेलत नाही तोवर त्यांचा उपयोग नाही. स्पेनमध्ये कादेना सेर या केंद्राचा कार्रुसेल देपोर्तीबो हा कार्यक्रम यासाठी चांगला.

समालोचनाचा साचा कसा असतो ते पाहा: रेसीबे, खीरा, ला आब्रे आ ला देरेचा, सेन्त्रो आल आरेआ, रेमाता दे काबेसा, आल पालो! म्हणजे: पास घेतला, वळला, उजवीकडे मोकळ्या जागेत दिला, पेनल्टी क्षेत्रात क्रॉस, डोक्याने मारला, खांबाला लागला! सहा तुकडे, कर्ता कुठेच नाही. कर्ता क्रियापदाच्या रूपातच असतो. फटक्याचा प्रकार 'दे' लावून सांगतात: दे काबेसा (डोक्याने), दे सुर्दा (डाव्या पायाने), दे बोलेआ (हवेतल्या हवेत), दे चिलेना (पाठीमागे उलटं झेपावून), दे ताको किंवा स्पेनमध्ये दे ताकोन (टाचेने). ले पेगा हे ऐकलं की 'त्याला मारलं' असा अर्थ लावू नका, चेंडूला फटका मारला असा तो आहे. गोलचा आडवा खांब लार्गेरो, दक्षिण अमेरिकेत त्राबेसान्यो.

दक्षिण अमेरिकेचं समालोचन ऐकताना मिनिटांचा घोळ हमखास होतो. स्पेनमध्ये मिनिटं शून्यापासून नव्वदपर्यंत सलग मोजतात. अर्जेंटिना, उरुग्वेत जुन्या पद्धतीने प्रत्येक अर्धाची वेगळी मोजतात. आ लोस त्रेइन्ता देल सेगून्दो तिएम्पो म्हणजे दुसऱ्या अर्धातलं तिसावं मिनिट, आपल्या हिशोबाने पंचाहत्तरावं.

बी१च्या आसपास पोहोचलात की बीक्तोर ऊगो मोरालेस यांचं २२ जून १९८६चं समालोचन ऐका. मेक्सिकोच्या आस्तेका मैदानावर अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड, माराडोनाचा दुसरा गोल. मोरालेस उरुग्वेचे, बोलत होते अर्जेंटिनाच्या रेडिओवर. त्यातले पहिलेच तुकडे आई ला तिएने मारादोना, लो मार्कान दोस, पीसा ला पेलोता मारादोना, आर्रान्का पोर ला देरेचा असे आहेत. 'ला' म्हणजे चेंडू, 'लो' म्हणजे माराडोना, मार्कान म्हणजे दोघे त्याला रोखतायत, पीसा म्हणजे तळवा चेंडूवर ठेवला, आर्रान्का म्हणजे मुसंडी मारली. वर रेवती आणि डावखुरा यांनी सांगितलेलं सगळं व्याकरण या एका ओळीत सापडतं. पुढे गळा दाटून येईपर्यंत ते बोलत राहतात आणि माराडोनाला बार्रिलेते कोस्मिको म्हणतात, विश्वातला पतंग. खेळाची भाषा कुठवर जाऊ शकते हे त्या मिनिटात ऐकायला मिळतं. जरूर ऐका.

तालमीतला

क्रिकेट, कबड्डी, कुस्तीचं राहिलं आहे.

क्रिकेट समजावताना ऐकणारा कुठला आहे ते बघा. मेक्सिकोच्या माणसाला बेसबॉल माहीत असतो, म्हणून तिथून सुरुवात करा. माद्रिदच्या माणसाला बेसबॉलची उपमा देऊन फायदा नाही, त्याला साधं वर्णन करा. शब्द दोघांनाही तेच पुरतात: लान्सादोर (गोलंदाज), बातेआदोर (फलंदाज), कार्रेरा (धाव), त्रेस पालोस (तीन यष्ट्या). एल लान्सादोर लान्सा ला पेलोता इ एल बातेआदोर ला गोल्पेआ. सी ला पेलोता साले देल काम्पो सिन बोतार, सोन सेइस कार्रेरास. सी बोता आन्तेस, कुआत्रो. बोतार म्हणजे टप्पा पडणं. षटकाला उना सेरिए दे सेइस लान्सामिएन्तोस असं सरळ वर्णन करा. बाद झाला: एस्ता एलिमिनादो. बेसबॉलवाल्याला दोन गोष्टी न विचारता सांगा, कारण तो तिथेच अडतो: फटका मारल्यावर धावायची सक्ती नसते (नो एस्ता ओब्लिगादो आ कोर्रेर), आणि चेंडू मागेही मारता येतो (पुएदे गोल्पेआर आसिआ आत्रास).

कार्रेरा म्हणजे शर्यतही, पदवीचा अभ्यासक्रमही. त्यामुळे 'शंभर कार्रेरा' म्हणताना आधी क्रिकेटचं नाव घेतलेलं असू द्या.

कबड्डी: कादा एकीपो तिएने सिएते खुगादोरेस. उन आताकान्ते एन्त्रा एन एल काम्पो रिबाल, तोका आ उन देफेन्सोर इ तिएने के बोल्बेर आ सु काम्पो सिन तोमार आइरे. लोस देफेन्सोरेस इन्तेन्तान सुखेतार्लो. म्हणजे सात खेळाडू, चढाई करणारा, स्पर्श, दम न तोडता परत येणं आणि पकड. 'दम' समजावायला सिन तोमार आइरे (श्वास न घेता) पुरेसं आहे. तिएने त्रेइन्ता सेगून्दोस (तीस सेकंद असतात) ही चढाईची वेळही सांगा.

कुस्तीत एक खड्डा आहे. ऑलिंपिकमधल्या फ्रीस्टाइलला स्पॅनिशमध्ये लूचा लीब्रे म्हणतात, पण मेक्सिकोत लूचा लीब्रे म्हटलं की मुखवटे घातलेल्या मल्लांचा प्रसिद्ध खेळ डोळ्यांपुढे येतो. तिथे लूचा ओलीम्पिका म्हणा. खाशाबा जाधवांबद्दल मेक्सिकोच्या माणसाला सांगायचं तर: गानो ला मेदाया दे ब्रोन्से एन लूचा ओलीम्पिका एन हेल्सिन्की, एन मिल नोबेसिएन्तोस सिन्कुएन्ता इ दोस. तसंच स्वप्निल कुसाळेचं: गानो एल ब्रोन्से एन तीरो एन पारीस. तीरो म्हणजे नेमबाजी, फुटबॉलमधला फटकाही तीरो, संदर्भाने कळतं. मल्लखांबाला शब्द नाही, वर्णनच करावं: खिम्नासिआ एन उन पोस्ते दे मादेरा, लाकडी खांबावरची जिम्नॅस्टिक्स.

मुक्ता_कुलकर्णी_

फुटबॉलखेरीज दोन गोष्टी, थोडक्यात.

हॉकीचा विषय अर्जेंटिनाच्या माणसाशी हटकून निघतो, कारण त्यांचा महिला संघ लास लेओनास (सिंहिणी) तिथे घराघरांत माहीत आहे. २०१०चा विश्वचषक त्यांनी रोसारिओत घरच्या मैदानावर जिंकला. पुरुषांचा संघ लोस लेओनेस, २०१६चं ऑलिंपिक सुवर्ण त्यांचं. हॉकी तिथे सोब्रे सेस्पेद, स्पेनमध्ये सोब्रे इएर्बा. चेंडूला अर्जेंटिनात बोचा म्हणतात, पेनल्टी कॉर्नरला कोर्नेर कोर्तो. बोलण्यात नुसतं 'कोर्तो' म्हणतात, तेव्हा गोंधळू नका.

टेनिसमध्ये शून्याला सेरो नाही, नादा: किन्से-नादा. चाळीस-चाळीस झालं की इग्वालेस, मग बेन्ताखा (अ‍ॅडव्हान्टेज). सर्व्हिस साके, ती तोडणं स्पेनमध्ये रोम्पेर एल साके, लॅटिन अमेरिकेत नाम किएब्रे. लाल मातीच्या कोर्टाला स्पेनमध्ये तिएर्रा बातीदा, अर्जेंटिनात पोल्बो दे लाद्रीयो, म्हणजे विटेची भुकटी. कोर्ट स्पेनमध्ये पीस्ता, बाकी बहुतेक ठिकाणी कान्चा.

दुखापतीचे तीन शब्दही लिहून घ्या, सोमवारी लागतातच: से लेसिओनो (त्याला दुखापत झाली, 'से' गाळायचं नाही), एस्गीन्से दे तोबीयो (घोटा मुरगळला), आणि स्पेनच्या बातम्यांत एस बाखा, म्हणजे तो सामन्याला मुकणार आहे.